चाकोऱ्या टाळण्यासाठी डांबरात काय, किती आणि कसं मिसळावं

रस्त्यावर चाकांच्या वाटेत लांबट खोलगट पट्टे पडले की पहिला सल्ला येतो, "पॉलिमर घाला." बरेचदा तो फुकट जातो, कारण चाकोरी कशामुळे पडली हे कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून सुरुवात पिशवी फोडण्यापासून न करता रस्त्यापासून करायची.

आधी चाकोरीचं निदान

रस्त्याच्या रुंदीला आडवी तीन मीटरची सरळ पट्टी ठेवा आणि खाली किती फट राहते, कडेला काय दिसतं ते बघा.

खोलगटपणा रुंद आणि सौम्य असेल, कडेला उंचवटे नसतील, तर बहुधा खालची माती किंवा खडीचा पाया दबलेला असतो. त्याला डांबरातला कुठलाही पदार्थ उपयोगाचा नाही. खोलगटपणा अरुंद, कडेला फुगवटे नाहीत आणि रस्ता सुरू झाल्यावर लगेच पडलेला असेल, तर रोलिंग कमी झालं होतं आणि उरलेली दबाई वाहनांनी केली. तिसरा प्रकार आपल्या कामाचा: चाकाखाली खड्डा आणि दोन्ही बाजूंना वर आलेले फुगवटे. इथे मिश्रण घसरत कडेला सरकलेलं असतं. खात्री करायची तर चाकाच्या वाटेतून आणि दोन वाटांच्या मधून गाभे (रस्ता कापून काढलेले दंडगोल नमुने) काढा आणि प्रत्येक थराची जाडी मोजा. जो थर वाटेत पातळ आणि कडेला जाड, तो गुन्हेगार. गाभ्याचा तळ भुसभुशीत निघाला, खडीवरून डांबर सुटलेलं दिसलं, तर दुखणं पाण्याचं आहे आणि औषधही वेगळं.

तिसऱ्या प्रकारातही एक अडथळा उरतो. थरातली हवेची पोकळी ३ टक्क्यांच्या खाली गेली असेल, किंवा मिश्रणात गोल दाण्यांची नैसर्गिक वाळू भरपूर असेल, तर खडीला खडी टेकतच नाही. सगळा भार डांबरावर येतो. अशा मिश्रणात ५ टक्के पॉलिमर घातलं तरी चाकोरी फक्त उशिरा पडेल. खडीचा सांगाडा आणि डांबराचं प्रमाण आधी दुरुस्त करा, पदार्थाची निवड त्यानंतर.

डांबर सरकतं का

डांबर थोडं लवचिक, थोडं वाहणारं असतं. तापमान वाढलं किंवा भार जास्त वेळ राहिला की वाहण्याचा भाग वरचढ होतो. म्हणून चाकोऱ्या उन्हाळ्यात आणि चढावर, सिग्नलपाशी, बसथांब्यावर पडतात. त्याच डांबराच्या मोकळ्या, वेगवान पट्ट्यात पडत नाहीत. मिसळायच्या पदार्थाकडून दोन वेगळ्या गोष्टी मागता येतात: डांबर ताठ करणं, किंवा चाक गेल्यावर त्याला मागे खेचून आणणं. ताठपणा स्वस्तात मिळतो, पण थंडीत तोच भेगा पाडतो. मागे खेचणारं जाळं महाग पडतं आणि नीट मिसळलं नाही तर मिळतच नाही. पुढची निवड या फरकावर ठरते.

पदार्थ निवडताना

नवख्याने एसबीएसपासून सुरुवात करावी. स्टायरीन-ब्युटाडीन-स्टायरीन हे ठोकळा पद्धतीचं पॉलिमर आहे: स्टायरीनची टोकं एकमेकांत गुंतून गाठी बनवतात आणि मधला ब्युटाडीनचा भाग रबरासारखा ताणला जातो. डांबरातले हलके तेलकट घटक शोषून ते कित्येक पट फुगतं. त्यामुळे वजनाने ३–४ टक्केच घातलं तरी आकारमानाने बरीच जागा व्यापतं. साधारण ५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान चित्र उलटतं: तोवर डांबरात विखुरलेलं पॉलिमर सलग होतं आणि डांबर त्यात अडकतं. रेषीय एसबीएस मिसळायला सोपं. ताऱ्याच्या आकाराचं एसबीएस त्याच प्रमाणात जास्त ताकद देतं, पण विरघळायला वेळ घेतं आणि घट्टपणाही जास्त देतं.

ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल अॅसिटेट) आणि पॉलिइथिलीन ही ताठ करणारी प्लास्टिकं. ईव्हीए ३–५ टक्के चालतं, सहज वितळतं, साध्या ढवळणीनेही मिसळतं, पण मागे खेचण्याची ताकद फार कमी. पॉलिइथिलीनची घनता ०.९२ ते ०.९६ च्या आसपास, डांबराची १.०२ च्या आसपास. ढवळणं थांबलं की ते वर तरंगून साय धरतं. त्यामुळे ते डांबराच्या टाकीत साठवण्यापेक्षा प्लांटवर गरम खडीतच टाकणं शहाणपणाचं.

इथिलीनवर आधारित, ग्लायसिडिल गट असलेली प्रतिक्रियाशील टरपॉलिमरं डांबराशी रासायनिक बंध बांधतात, म्हणून १–२ टक्के पुरतात. प्रमाण जरा चढलं की मात्र डब्यात जेली होते, आणि ती पुन्हा पातळ होत नाही.

टायरचा चुरा स्वस्त आणि दणकट. ओल्या पद्धतीत तो डांबराच्या वजनाच्या १५–२० टक्के जातो, १७५–१९० अंश सेल्सिअसला ४५–६० मिनिटं फुगू द्यावा लागतो आणि तळाशी बसतो. जास्त वेळ तापवला तर रबर तुटून घट्टपणा पुन्हा उतरतो. म्हणून वेळेनुसार घट्टपणाची नोंद ठेवल्याशिवाय हे काम करू नये.

पॉलिफॉस्फोरिक आम्ल, म्हणजे पीपीए, ०.५–१ टक्क्यात वरच्या तापमानाची श्रेणी, म्हणजे डांबर किती उष्णतेपर्यंत टिकतं ती मर्यादा, उचलतं. एकटं वापरण्यापेक्षा थोड्या एसबीएससोबत बरं. त्याच डांबरात खडीला चिकटण्यासाठीचं अमाइन असेल तर आम्ल आणि अमाइन एकमेकांना मारून टाकतात आणि दोन्हींचे पैसे वाया जातात. फिशर-ट्रॉप्श मेण (कृत्रिम मेण) १.५–३ टक्के: साधारण १०० अंशांच्या वर वितळून डांबर पातळ करतं, खाली स्फटिक बनून ताठ करतं. त्यामुळे कमी तापमानात रोलिंगही साधतं. गिल्सोनाइटसारखं नैसर्गिक कठीण डांबर ताठपणा भरपूर देतं, पण थंड हवेच्या रस्त्यावर हात आखडताच ठेवावा. नॅनो-मातीची चर्चा फार होते. तिचे अतिसूक्ष्म थर सुटे होऊन पसरले तरच तिचा उपयोग, आणि साध्या ढवळणीने ते सुटत नाहीत. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये.

एक किलोचं पहिलं मिश्रण: ४ टक्के एसबीएस

प्रमाण कशाच्या टक्के ते आधी वहीत लिहा. एकूण वजनाच्या ४ टक्के म्हणजे ९६० ग्रॅम डांबर आणि ४० ग्रॅम एसबीएस. एक किलो डांबरात ४० ग्रॅम टाकले तर प्रत्यक्षात ३.८५ टक्केच होतं. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुधा घोळ इथेच असतो.

लागणारं सामान: दोन लिटरचा धातूचा डबा, गरम करणारं आवरण, उच्च-शिअर मिक्सर (कण कातरत विखुरणारा वेगवान मिक्सर), साधी ढवळणी, डांबरातच बुडणारा तापमापक आणि धूर ओढणारं कपाट. चेहऱ्यावर ढाल, हातात उष्णतारोधक मोजे, पूर्ण बाह्या. डब्यात, चमच्यावर, मिक्सरच्या डोक्यावर पाण्याचा थेंबही नको. १८० अंशांच्या डांबरात पाणी क्षणात वाफ होतं आणि सगळं उसळून बाहेर येतं. डांबर अंगावर पडलंच तर लगेच गार पाण्याखाली धरा, चिकटलेला थर सोलू नका आणि दवाखाना गाठा.

आता क्रम. मोठ्या डब्यातलं डांबर ओव्हनमध्ये १५० अंशांच्या आसपास वाहतं होईपर्यंत तापवा, नीट ढवळा आणि एकदाच लहान डब्यांत वाटून ठेवा. तोच डबा पुन्हा पुन्हा तापवला की डांबर म्हातारं होतं. वजन केलेले ९६० ग्रॅम १८० अंशांवर आणा. मिक्सरचं डोकं तळाशी पण तळाला न टेकता ठेवा, गती हळूहळू वाढवत मिनिटाला ३०००–४००० फेऱ्यांवर न्या. पृष्ठभागावर खोल भोवरा पडत असेल तर हवा आत ओढली जातेय; गती उतरवा किंवा डोकं खाली घ्या.

एसबीएस चिमटीचिमटीने टाका, ४० ग्रॅमला पाच ते आठ मिनिटं लागू द्या. एकदम ओतलं तर बाहेरून फुगलेले आणि आतून कोरडे गोळे बनतात आणि ते तासाभरानेही फुटत नाहीत. मग साठ मिनिटं शिअर. घर्षणानेच तापमान वर चढतं, म्हणून नजर तापमापकावर ठेवा: १९० च्या पुढे ब्युटाडीनची साखळी तुटू लागते आणि कमावलेली ताकद तुमच्या डोळ्यांदेखत उतरते.

वेळ संपला म्हणून मिश्रण झालं असं नाही. काचेच्या पट्टीवर थेंब टाका, दुसरी पट्टी दाबा आणि उजेडासमोर धरा. कण दिसले तर आणखी पंधरा मिनिटं. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. त्यात फुगलेलं पॉलिमर पिवळसर-हिरवं चमकतं, डांबर काळंच राहतं. मोठमोठी बेटं दिसली तर विखुरणं अपुरं आहे किंवा हे डांबर आणि हे पॉलिमर एकमेकांचे नाहीत. सुगंधी तेलकट घटक कमी असलेल्या डांबरात एसबीएस फुगत नाही, आणि अस्फाल्टीन (डांबरातला जड, कठीण घटक) जास्त असेल तर दोघं त्याच तेलासाठी भांडतात. अशा वेळी पॉलिमरची टक्केवारी वाढवू नका, डांबर बदला.

शेवटी जोडणी. गंधक एकूण वजनाच्या ०.१ टक्का, म्हणजे या डब्यात १ ग्रॅम. मिक्सर काढून साधी ढवळणी लावा, मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या, १८० अंश, दोन तास. गंधक पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना आणि डांबराला बांधतं, त्यामुळे साठवणीत वेगळं होणं थांबतं. या टप्प्यावर हायड्रोजन सल्फाइड निघतो. धूर-कपाट आणि वायूची घंटा सुरू असल्याशिवाय गंधकाची बाटली उघडायची नाही. वासावर विसंबणं घातक, कारण हा वायू जास्त झाला की वास येणंच बंद होतं.

याच दिवशी दुसरा डबा चालवा: तेच डांबर, तेच तापमान, तेवढाच वेळ, तेवढंच शिअर, पण काहीही न मिसळता. तीन तास तापवल्याने डांबर आपोआप ताठ होतं. हा तुलनेचा डबा नसेल तर ती म्हातारपणाची ताठरता पदार्थाच्या खात्यात जमा होते. भारी निकालांच्या बऱ्याच अहवालांत हीच फट असते.

टिकतं का ते तपासा

सुमारे ५० ग्रॅम मिश्रण अॅल्युमिनियमच्या उभ्या नळीत भरा, तोंड बंद करा, १६३ अंशांना ४८ तास हलवू नका. नंतर उभीच फ्रीझरमध्ये किमान चार तास. गोठलेल्या नळीचे तीन समान तुकडे करा, मधला टाकून द्या, वरच्या आणि खालच्या तुकड्याचा मृदुबिंदू, म्हणजे डांबर मऊ पडतं ते तापमान, काढा. फरक दोनेक अंशांत राहिला तर साठवण ठीक. वरचा बराच जास्त निघाला तर पॉलिमर तरंगलंय. टायरच्या चुऱ्यात दोष तळाशी सापडतो. मृदुबिंदू हे ढोबळ माप आहे. शक्य असेल तर दोन्ही तुकड्यांवर पुढची चाचणीही करा, कारण मृदुबिंदू जुळूनही जाळं फक्त वरच्या भागात असू शकतं.

चाकोरीचा खरा आकडा

जुनं माप म्हणजे डायनॅमिक शिअर रिओमीटरवरचं (दोन तबकड्यांमध्ये डांबर पुढेमागे पिळणारं यंत्र) जी-स्टार भागिले साइन डेल्टा: जी-स्टार म्हणजे डांबराचा एकूण ताठपणा, डेल्टा म्हणजे त्यात वाहण्याचा भाग किती ते दाखवणारा कोन. २५ मिमीची तबकडी, १ मिमी फट, सेकंदाला १० रेडियन. ताज्या डांबरात किमान १.०० किलोपास्कल, आरटीएफओ ओव्हनमधून (फिरत्या बाटल्यांत पातळ थर तापवून डांबर म्हातारं करणारी भट्टी) काढलेल्या डांबरात किमान २.२०. साध्या डांबराला ते पुरतं. पॉलिमरच्या डांबराला पुरत नाही, कारण ही चाचणी डांबराला अगदी हळुवार हलवते. जड चाकाखाली जाळं खरोखर ताणलं जातं तेव्हा काय होतं ते तिला कळतच नाही.

त्यासाठी एमएससीआर, म्हणजे वारंवार ताण देऊन सोडण्याची चाचणी. नमुना नेहमी आरटीएफओमधला: प्रत्येक बाटलीत ३५ ग्रॅम, १६३ अंश, ८५ मिनिटं. घट्ट डांबर बाटलीबाहेर सरकत असेल तर ओव्हनची पातळी तपासा. तापमान रस्त्याच्या हवामानाचं घ्या, समजा ६४ अंश; जड वाहतुकीसाठी तापमान वाढवायचं नाही, मर्यादा कडक करायची. एक सेकंद ताण, नऊ सेकंद मोकळं. ०.१ किलोपास्कलला २० आवर्तनं, त्यातली पहिली दहा फक्त नमुना स्थिर करण्यासाठी. मग न थांबता ३.२ किलोपास्कलला दहा.

गणित सोपं आहे. ३.२ च्या एका आवर्तनात विकृती (नमुना किती सरकला ते माप) ४.८० पर्यंत गेली आणि दहाव्या सेकंदाला २.८८ उरली असं धरा. न परतलेला भाग २.८८ भागिले ३.२, म्हणजे जेएनआर ०.९० प्रति किलोपास्कल. परतलेला भाग १.९२ भागिले ४.८०, म्हणजे ४० टक्के. दहाही आवर्तनांची सरासरी घ्या. मर्यादा अशा: सामान्य वाहतुकीला जेएनआर ४.५ पर्यंत, जड वाहतुकीला २.०, फार जडला १.०, आणि जड वाहनं रेंगाळतात किंवा उभी राहतात तिथे ०.५. ढोबळमानाने जेएनआर निम्मा झाला की चाकोरीही निम्म्याच्या आसपास येते.

४० टक्के परतणं पुरेसं का? २९.३७१ गुणिले जेएनआरचा उणे ०.२६३३ वा घात काढा. ०.९० साठी उत्तर सुमारे ३०.२. आपलं ४० त्याच्या वर, म्हणजे लवचिक जाळं खरंच बनलंय. त्याच जेएनआरला परतणं १२ टक्के आलं असतं तर डांबर ताठ आहे, जाळं नाही. पीपीए, मेण किंवा ईव्हीएच्या मिश्रणांत असंच दिसतं. ते वाईटच असं नाही, पण एसबीएस घालूनही असं आलं तर मिसळण्यात चूक शोधा.

०.१ आणि ३.२ च्या जेएनआरमधला फरकही बघा. ०.६० वरून ०.९० म्हणजे ५० टक्के वाढ, मर्यादा ७५. त्यापुढे गेलं तर डांबर हलक्या ताणाला शहाणं आणि जड ताणाला ढेपाळणारं आहे. मात्र मूळ जेएनआरच फार लहान असेल, समजा ०.०५, तर टक्केवारी उगाच फुगते. तिथे हा आकडा मनाला लावून घेऊ नका.

नमुन्याची कड नीट न छाटणं ही नवख्यांची नेहमीची चूक. फट अंतिम मापापेक्षा किंचित मोठी ठेवून, साधारण १.०५ मिमीला, गरम पात्याने छाटा आणि मग १.०० वर आणा; कडेला हलका फुगवटा यायला हवा. कड आत गेली तर डांबर आहे त्यापेक्षा मऊ दिसतं. तापमान स्थिर झाल्यावर दहा मिनिटं थांबा.

प्रमाण ठरवायला ३, ४ आणि ५ टक्क्यांचे डबे करा आणि जेएनआरचा आलेख काढा. सोबत १३५ अंशांचा घट्टपणा ३ पास्कल-सेकंदांच्या खाली आहे ना ते बघा, नाहीतर पंप रडतील. मर्यादेत बसणारं सर्वात कमी प्रमाण निवडा. हिवाळा कडक असेल तर कमी तापमानाची भेगांची चाचणी केल्याशिवाय निवड पक्की करू नये.

खडीसकट खात्री

डांबर उत्तीर्ण झालं तरी मिश्रण उत्तीर्ण होईलच असं नाही. हॅम्बर्ग चाक-चाचणीत ५० अंशांच्या पाण्यात बुडालेल्या नमुन्यावर ७०५ न्यूटनचं पोलादी चाक मिनिटाला ५२ वेळा फिरतं. २०,००० फेऱ्यांनंतर १२.५ मिमीच्या आत खोली, ही नेहमीची अपेक्षा. नमुन्यांत हवेची पोकळी ७ टक्क्यांच्या आसपास एकसारखी ठेवा. एक नमुना ६ चा आणि दुसरा ८ चा असेल तर तुलना पोकळीची होते, पदार्थाची नव्हे. खोलीचा आलेख आधी संथ आणि मध्येच तीव्र उतरला तर पाण्याने डांबर सुटतंय. तिथे जास्त पॉलिमरपेक्षा १–१.५ टक्का विझवलेला चुना, खडीसकट एकूण वजनावर, जास्त कामाचा. तो थोडी ताठरताही देतो. डांबरात पीपीए असेल तर चुन्याशी त्याची प्रतिक्रिया होते, म्हणून ती जोडी आधी तपासून घ्या.

प्लांटवर आणि रोलरखाली

कारखान्यात बहुधा आधी घट्ट सार बनवतात आणि मग साध्या डांबराने पातळ करतात. १२ टक्क्यांच्या सारापासून १००० किलो ४ टक्क्यांचं हवं तर ३३३ किलो सार, ६६७ किलो डांबर. ते डांबर सारातलंच हवं. स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या शुद्धीकरण कारखान्याचं ओतलं तर जमलेलं जाळं फाटू शकतं. टाकीच्या तळाला आधीचं साधं डांबर उरलं असेल तर पहिले काही ट्रक कमजोर जातात, म्हणून नमुना टँकरमधूनच नव्हे तर टाकीतून प्लांटकडे जाणाऱ्या नळीवरूनही घ्या. ढवळणी बंद ठेवून रात्रभर साठवू नका. रस्ता बरेच दिवस थांबणार असेल तर तापमान खाली आणा आणि वापरण्याआधी एमएससीआर पुन्हा करा.

मिसळण्याचं तापमान घट्टपणाच्या जुन्या आलेखावरून काढलं तर पॉलिमरच्या डांबराला ते भलतंच वर येतं आणि डांबर जळतं. पुरवठादाराने दिलेली मर्यादा पाळा, १८० च्या पुढे न जाणं बरं. पसरताना घाई मात्र करावी लागते: हे मिश्रण थंड होताना लवकर आखडतं, म्हणून पहिला रोलर पेव्हरच्या (मिश्रण पसरणाऱ्या यंत्राच्या) अगदी मागे हवा आणि मुख्य दाब १४० अंशांच्या वर असतानाच पूर्ण व्हावा. टायरचा रोलर थंड असेल तर मिश्रण त्याला चिकटून उचललं जातं. टायर आधी गरम करा, डिझेल शिंपडू नका, कारण ते डांबरच विरघळवतं. थर घट्ट बसला नाही आणि पोकळी ९–१० टक्के राहिली तर उरलेली दबाई वाहनं करतील. मग चाकाच्या वाटेत पुन्हा खोलगट पट्टी दिसेल आणि दोष पॉलिमरच्या नावावर लागेल. म्हणून पहिल्या दिवसाचे घनतेचे आकडे हातात आल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा पट्टा सुरू करू नये.